फेरेटला भाकरी चालत नाही

"मॅडम, ही उभीच राहीना," असं म्हणत अप्पांनी करंडी माझ्या टेबलावर ठेवली. आत दुलईच्या तुकड्यावर एक लांबुडकं जनावर पडलेलं होतं. अंग दुधाळ, पाय आणि शेपटी काळसर, डोळ्यांवर काळा पट्टा. मी बघितलं आणि लगेच बोलले, "अप्पा, मुंगूस पाळता येत नाही. गुन्हा आहे तो."

अप्पा शांतपणे म्हणाले, "मुंगूस न्हाई हे. फेरेट हाय."

धारूरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. गाई, म्हशी, शेळ्या, अधूनमधून कुत्री. फेरेट मी पुस्तकात दोन ओळींपुरतं वाचलेलं. मुंगसासारखं दिसतं, पण कूळ वेगळं. परदेशात फार पूर्वीपासून माणसाळलेलं, आता आपल्याकडे शहरांत हौसेनं पाळतात.

अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय सत्तरीच्या पुढे, लिंगायत, गळ्यात लिंग, रोजची पूजा कधी चुकलेली नाही. दोन वर्षांपूर्वी पत्नी वारली. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला कंपनीनं सहा महिन्यांसाठी परदेशात पाठवलं, तेव्हा त्याचं फेरेट पिंजऱ्यासकट अप्पांकडे आलं. त्याचं इंग्रजी नाव अप्पांनी आल्या दिवशीच बदललं. चिंगी.

चिंगीचे मागचे पाय लुळे पडले होते. शेळी-म्हैस बघणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यात अशा वेळी पहिल्यांदा कॅल्शियम येतं. मी कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन दिलं, चार दिवसांनी या म्हटलं आणि पुढच्या म्हशीकडे वळले. ती काय खाते, हे मी विचारलं नाही.

अप्पा तिसऱ्याच दिवशी आले. दवाखाना उघडायच्या आधीपासून पायरीवर बसले होते. चिंगीच्या तोंडातून लाळ गळत होती, नजर एका जागी ठरलेली, पुढच्या पंजांनी ती स्वतःचंच तोंड ओरबाडत होती. मला स्वतःला मधुमेह आहे, त्यामुळे पर्समध्ये शुगर तपासायचं मशीन असतं. तेच काढलं, तिच्या नखाजवळून रक्ताचा थेंब घेतला. मशीन माणसांचं, आकडा नेमका नसणार, पण इतका कमी होता की शंकेला जागा उरली नाही. साखरेचं पाणी करून तिच्या हिरड्यांवर चोळत बसले. दहा-पंधरा मिनिटांनी तिनं मान उचलली आणि अप्पांकडे बघितलं.

मग मी विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

"मी खातो तेच देतो," अप्पा म्हणाले. "दूध-भाकरी कुस्करून. केळं. चहासंगं दोन बिस्किटं. लई आवडीनं खाती."

मुलानं दिलेलं पाकिटातलं खाणं महिनाभरात संपलं होतं. आपल्या बाजारात तसलं काही मिळत नाही. मग अप्पांनी आपल्या ताटातलं दिलं.

माझा एक वर्गमित्र पुण्यात असलेच प्राणी बघतो. त्याला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि मला चांगलं झापलं. फेरेट पक्कं मांसाहारी आहे, तो म्हणाला. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. पीठ, फळं, साखर पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही. गोड पोटात गेलं की रक्तातली साखर चढते, ती उतरवायला शरीर जास्तीचं इन्सुलिन सोडतं आणि साखर एकदम खाली पडते. पाय लुळे पडणं, झटके, सगळं त्यामुळेच. पाकिटं मागवून यायला आठवडा जाईल, तेवढा वेळ तिच्याकडे नाही. आजपासून मांस सुरू कर, कच्चं, ताजं, कोवळ्या हाडासकट. मी केसपेपरच्या मागे लिहून घेतलं आणि फोन ठेवला. समोर अप्पा बसलेले.

आडवळणानं सांगण्यात अर्थ नव्हता. सरळ सांगितलं. आमच्यात अंडंसुद्धा नाही, अप्पा म्हणाले. पनीर चालेल का, सोयाबीन चालेल का, विचारून झालं. शिजवून दिलं तर, हेही विचारलं. शिजवलेलं मांस एक वेळ चालेल, मी सांगितलं, पण हाड शिजवलं की त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात, आतडं फाडतात. आणि हाड दिलं नाही तर कॅल्शियम कुठून येणार.

शेवटी मीच मार्ग काढला. दवाखान्याच्या मागे सलीमभाईंचं चिकनचं दुकान आहे. चाळिशीतले गृहस्थ, अप्पांचे जुने विद्यार्थी. चिंगी त्यांच्या घरी ठेवायची, अप्पांनी रोज भेटायला जायचं. सलीमभाई एका शब्दात तयार झाले.

पण चिंगी खाईना. गोड दिसलं तर फेरेट चाटतं, पण लहानपणी मांस खाल्लेलं नसेल तर ते त्याला अन्न म्हणून ओळखूच येत नाही. कच्चं मांस तिच्या लेखी चिखल. सलीमभाईंच्या बायकोनं खिमा बारीक करून तिच्या ओठांना लावला, तो तिनं पोत्याला पुसून टाकला. मी दिवसातून तीनदा साखर तपासायची, हिरड्यांना पाणी चोळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी सलीमभाई करंडी घेऊन दवाखान्यात आले. अप्पा आधीच बाकावर बसलेले होते.

"दार वाजलं की तिकडंच बघती," सलीमभाई मला म्हणाले. "गुर्जींची वाट बघती वो. आमच्या हातचं न्हाई खायची ती."

अप्पांनी चिंगीला मांडीवर घेतलं. रोज संध्याकाळी आपण तिला बोटावरची साय चाटवायचो, असं ते हळूच म्हणाले. मग सलीमभाईंच्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाले, "दे इकडं."

सलीमभाईंनी डबा मागे घेतला. "तुमी काहून गुर्जी, मी परत बघतो ना."

"दे."

अप्पांनी गळ्यातली लिंगाची डबी सदऱ्याच्या आत सारली आणि तर्जनी खिम्यात बुडवली. चिंगीनं ते हुंगलं, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगलं. मग चाटलं. थांबली. पुन्हा चाटलं. तिसऱ्या वेळी तिचा दात बोटाला लागला, तरी अप्पांनी हात काढला नाही. डब्यातला चमचाभर खिमा संपला. सलीमभाई दाराकडे तोंड करून उभे होते.

नंतर अप्पा बाहेरच्या नळावर गेले आणि फार वेळ हात धूत राहिले. मी मागोमाग गेले. हे रोज जमेल का, मी विचारलं. जमणार नसेल तर आपण दुसरं काही बघू, असंही म्हटलं.

ते नळ बंद करत म्हणाले, "लिंगायत मी हाय मॅडम. ती न्हाई."

चिंगी परत अप्पांच्या घरी आली आणि तेव्हापासून त्यांनी दिवसाची मांडणीच बदलली. सलीमभाई ताज्या कोंबडीच्या पंखांचे बारीक तुकडे, हृदय, थोडी कलेजी डब्यात घालून परसदारी आणून देतात. चिंगीची फरशी परसात वेगळी आहे, तिथंच तिचं जेवण. उरलेलं लगेच उचलायचं, कारण कच्च्या मांसात जंतू फार लवकर वाढतात. फरशी गरम पाण्यानं धुवायची, हात साबणानं. मग अप्पांची अंघोळ आणि मग पूजा. पूजा आता दोन तास उशिरा होते. भावकीतल्या काहींनी नावं ठेवली. अप्पांनी करायचं ते सोडलं नाही.

पंधरवड्यात चिंगी पायांवर उभी राहिली. महिन्यानं मी घरी वजन करायला गेले, तर ती परसातून उड्या मारत आली आणि माझ्या चपलेचा पट्टा ओढू लागली. खूष झालेलं फेरेट घशातून कुक्-कुक् असा आवाज काढतं, हे मला त्या दिवशी कळलं. अप्पांना आधीपासून माहीत होतं.

परदेशातले सहा महिने संपवून मुलगा आला. परसात वडील कोंबडीचा पंख तोडून भरवताहेत, हे तो पायरीवर उभा राहून बघत होता. पिंजरा रिकामाच घेऊन तो पुण्याला गेला.

मी आता इंजेक्शन भरायच्या आधी, काय खायला घालता, हे विचारते. कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मला कळायला धारूरपर्यंत यावं लागलं.