हरलो की व्हाय-व्हाय, जिंकलो की पेढे

या सोमवारी चाकणला, कंपनीच्या सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही...

कारण काय, तर फुटबॉल. मी क्वालिटी डिपार्टमेंटला. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची दरवर्षी स्पर्धा असते, त्यात आमच्या टीमची मी मॅनेजर. म्हणजे बस सांगायची, केळी आणायची, कुणाची सेकंड शिफ्ट असेल तर त्याच्या सुपरवायझरच्या हातापाया पडायचं. ऑफसाइड म्हणजे काय, ते मला अजूनही दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

खरा कोच प्रशांत. प्लॅनिंगमधला इंजिनीअर, मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉलचं वेड लहानपणापासूनच. शिफ्ट सुटल्यावर पोरांना पळवून पळवून त्याने ही टीम उभी केली. तोंडाने मात्र फटकळ, त्यामुळे वरच्या कुणाचा लाडका नाही.

यंदा पहिल्या दोन मॅच आम्ही हरलो. पोरं दोन्हीत भारी खेळली होती. पण एकदा आमचा बॉल गोलच्या बारला लागून परत आला, आणि एकदा शेवटच्या मिनिटाला आमच्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आमच्याच गोलमध्ये गेला...

आता आमच्याकडे काहीही बिघडलं की ‘व्हाय-व्हाय’ करतात. पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. पार्ट रिजेक्ट झाला की करतात, ते ठीक आहे. पण साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लांट हेडनी, हरलेल्या मॅचचंही करायला लावलं! पाचव्या ‘का’ला उत्तर निघालं : कोच.

प्रशांत भर मीटिंगमध्ये भडकला. “बार काय मी हलवू व्हय, साहेब?” झालं... त्याला काढलं आणि टीम माझ्या गळ्यात मारली.

मी काय केलं? काही नाही. तीच पोरं, तीच केळी. पुढच्या मॅचच्या दिवशी समोरच्या कंपनीत अर्जंट डिस्पॅच निघाला, त्यांचे खेळाडू ओव्हरटाइमला अडकले आणि टीमच आली नाही. फुकटचा विजय, गटात आणखी दोन टीमचाही एकेकच विजय, आणि गोलच्या फरकावर आम्ही थेट सेमीफायनलला.

सेमीत आमची पोरं बावरलेली. नुसता बॉल लांब मारत होती. समोरच्यांनी दोनदा बारला मारला, आणि मग त्यांच्याच एका पोराच्या पाठीला लागून बॉल त्यांच्याच गोलमध्ये! मी तेव्हा बसवाल्याशी फोनवर भांडत होते, गोल बघितलासुद्धा नाही.

तर हे त्या गोलचे पेढे. “लीडरशिप म्हणतात ती हीच,” साहेब म्हणाले. वर गुरुवारी सगळ्या डिपार्टमेंटच्या लोकांसमोर माझी ‘विनिंग स्ट्रॅटेजी’ सांगायची, असंही ठरलं. असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी माझं नाव चाललंय, हेही कानावर आलं. ती जागा मला हवी आहे हो... खोटं कशाला बोलू, कधीपासून वाट बघतेय.

पण प्रशांत कॅन्टीनमध्ये सगळ्यांकडे पाठ करून बसायला लागला होता. भोसरीला घरी जाताना रोज डोक्यात एकच... जिंकल्यावर कुणी ‘का’ का विचारत नाही?

आमच्या क्वालिटीत एक साधी पद्धत आहे. दोन ऑपरेटरचे पार्ट तपासायचे असले की कुणाचा कुठला ते आधी झाकून टाकायचं. नाहीतर डोळा आधीच निकाल ठरवून बसतो.

गुरुवारी मी तेच केलं. मोबाइलवर काढलेल्या मॅचच्या दोन क्लिप लावल्या, गोल कापून. एक प्रशांतच्या हरलेल्या मॅचची, एक माझ्या जिंकलेल्या सेमीची. साहेब एकाही मॅचला आलेले नव्हते. मी विचारलं, “सर, यातली आपण जिंकलेली कुठली?”

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. “पहिली! पासिंग बघा ना, काय कंट्रोल आहे. दुसरीत पोरं नुसती धावतायत.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

“सर, पहिली प्रशांतची. ती आपण हरलोय. दुसरी माझी.”

ती असिस्टंट मॅनेजरची खुर्ची दारातून बाहेर चाललेली मला स्पष्ट दिसत होती...

साहेबांनी दोन्ही क्लिप परत लावायला लावल्या. मग म्हणाले, “ठीक आहे. फायनलला प्रशांत. पण हरलात, तर पुढच्या वर्षी बाहेरून कोच आणू.”

म्हणजे कळलं, पण अर्धंच! फायनलही शेवटी एकच मॅच ना? पण त्यापुढे वाद घालायची माझी ताकद संपली होती.

प्रशांतला सांगायला गेले. वाटलं, खूश होईल. तर माझ्यावरच डाफरला, “मॅडम, तुमास्नी कुणी सांगितलं हुतं ह्यात पडायला? तुमचं बरं चाललं हुतं न्हवं?” मग त्याने डबा माझ्यापुढे सरकवला. “खावा. खर्डा हाय, जरा दमानं.” त्या संध्याकाळी मैदानावरून त्याचा आरडाओरडा पार गेटपर्यंत ऐकू येत होता.

उद्या फायनल आहे. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतेय, कुकरच्या शिट्ट्याही मोजायच्या विसरले. पोरं तयार आहेत, प्रशांतने त्याच्या हातातलं सगळं केलंय. उरलेलं कुणाच्याच हातात नाही, आणि त्याची कोचची खुर्ची मात्र त्या उरलेल्यावरच टांगलेली.

आठवडाभर मी नशीब वेगळं आणि काम वेगळं म्हणून भांडले. आणि आज देवापुढे हात जोडून काय मागितलं, तर नशीबच... वाकडातिकडा, चुकून, वाऱ्याने का होईना, पण उद्या एक गोल आमचा होऊ दे. मला जराही लाज वाटली नाही.