आधी टाच, मग उत्तर

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी सायकलला बूट अडकवण्याचे पेडल बसवून घेतले. कारण साधे होते. त्र्यंबकच्या वाटेवरील चढावर, ओल्या रस्त्यात, माझा पाय पेडलवरून सारखा घसरत असे. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एका प्रकारात बुटाच्या तळव्याखालची पट्टी मोठी आणि बाहेर आलेली असते. ते बूट घालून माणूस बदकासारखा चालतो. दुसऱ्यात धातूची लहान पट्टी तळव्याच्या खाचेत बसते. मला वाटेत भाजीसाठी उतरावे लागते, म्हणून मी दुसरा प्रकार निवडला.

बूट पुढे दाबला की ‘खट्’ आवाज होऊन तो अडकतो. सोडवताना पाय वर ओढायचा नाही, टाच बाहेर वळवायची. एवढाच पाठ, आणि तो मला येत होता. तरीही पहिल्याच आठवड्यात मी दोनदा पडले.

पहिल्यांदा कॉलेज रोडवर मागून हाक आली, “बाई!” मी थांबले, “अरे, तू!” म्हणाले आणि सायकलसकट डावीकडे आडवी झाले. हाक मारणारा माझा जुना विद्यार्थी संस्कारी निघाला. मला उठवण्याआधी त्याने पेडलमध्ये अडकलेल्या माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला. दुसऱ्यांदा देवळाली कॅम्पात एका विद्यार्थिनीने हाक मारली. तिच्या फौजी नवऱ्याने मला सायकलसह उचलून उभे केले.

घरी यजमानांनी खरचटलेले कोपर पाहिले. “तिसऱ्यांदा पडलीस, तर जुने पेडल परत लावायचे. कबूल?”

“कबूल,” मी म्हणाले. पण मला नवे पेडल मनापासून हवे होते. आता चढावर पाय घसरत नव्हता.

मी चूक तपासली. दोष पायाचा नव्हता, क्रमाचा होता. वर्गात ‘बाई’ ऐकताच उत्तर द्यायची सवय; पाय त्यानंतर आठवे. क्रम उलटा करायला हवा होता. इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीला हात टेकून मी सायकलवर बसू लागले, आणि हाका मारायला उभे राहिले ते अट घालणारे यजमानच.

“बाई, पाणी प्यायला जाऊ?”

टाच, ब्रेक, पाय जमिनीवर. मग, “जा.”

“बाई, हा मला चिमटे काढतो!”

“अहो, हळू! वरचे लोक ऐकतायत.”

आठ दिवसांनी पंचवटीच्या भाजीबाजारात, अगदी अरुंद गल्लीत, रिक्षातून आवाज आला, “ओ बाई!” टाच वळली. ब्रेक लागला. पाय जमिनीवर टेकला. मग मी मान वळवली.

“ओळखलंत का? शेवटच्या बाकावरचा.”

“फार बोलायचास, म्हणून पुढे आणून बसवलं होतं तुला.”

तो रिक्षातून उतरून हसत पाया पडायला वाकला आणि माझ्या उचललेल्या बुटाखालची पट्टी पाहून तिथेच थबकला. “बाई, बुटाला नाल ठोकलाय?”

“घोडं म्हातारं झालंय. चढावर घसरतं.”

घरी यजमानांनी माझे कोपर पाहिले, मग गुडघे. “आज कोणी भेटलं नाही वाटतं?”

“तिघं भेटले. बाजारात एक, येताना दोघं.”

मग जुने पेडल वर्तमानपत्रात नीट गुंडाळून त्यांनी माझ्या हाती दिले, माळ्यावर ठेवायला. आणि स्टूल धरायला स्वतः उभे राहिले.