सिएनाचा खांब आणि कर्णिक

२००६ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मॉलमध्ये, फेब्रुवारीच्या सकाळी, बंद छत्री डोक्यावर उंच धरून चालणाऱ्या एका माणसाच्या मागून फिरत होतो. मॉलला छप्पर होतं. बर्फ बाहेर पडत होता, आत हीटर चालू होता. छत्रीची गरज कुणालाच नव्हती. पण कर्णिकचं म्हणणं असं, की इटलीत गाइड असाच चालतो, तेव्हा मंडळींना आत्तापासून सवय हवी. आम्ही एकोणीस म्हातारे-म्हाताऱ्या त्या छत्रीकडे माना वर करून चालायचो. दुकानं उघडायला अजून तासभर असायचा. फरशी पुसणारा माणूस रोज हात थांबवून आमच्याकडे बघत राहायचा. मला त्याचं काही चुकतंय असं वाटायचं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी कर्णिकची आठवण लिहा म्हणून सांगितलं आहे. चांगलीच लिहा, असं सांगितलेलं नाही. मी वहीत लिहितो, सून वैशाली टाइप करते. "बाबा, हे जरा सॉफ्ट करू का?" असं तिनं दोनदा विचारलं. करायचं नाही, असं सांगितलंय.

कर्णिकला इथं येऊन चाळीस वर्षं झाली होती. कार कंपनीत इंजिनियर होता, मग निवृत्त. बायको वारली होती. उंच, वाळका, कडाक्याच्या थंडीतही बुटाला पॉलिश. कंपनीनं एकदा त्याला दोन वर्षं इटलीत ठेवलं होतं, तिथून तो तिथली भाषा शिकून आला आणि सिएना नावाचं गाव डोक्यात घेऊन आला. दर वर्ष-दोन वर्षांनी तो इथल्या पोरांच्या आईवडिलांना गोळा करून सिएनाला न्यायचा आणि पायी फिरवायचा. त्याला माणूस भेटला की तो आधी शिक्षण विचारायचा. दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या महेशनं आमची ओळख करून दिली, तर हा म्हणाला, "शिक्षण?"

"चौथी," मी म्हटलं.

"चालेल."

"चालेल म्हणजे? मुलगी देताय का?"

आजूबाजूचे हसले. कर्णिक हसला नाही. खिशातली वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. त्याच दिवशी आमचं बिनसलं, ते शेवटपर्यंत.

मग गेलो कशाला त्याच्याबरोबर, असं कुणी विचारेल. मी गवंडी. वाईकडच्या काळ्या दगडात चाळीस वर्षं काम केलं. देवळं, विहिरी, पुलांचे कठडे. महेशनं मला सिएनाच्या मोठ्या चर्चचा फोटो दाखवला होता. आतले खांब पट्ट्यापट्ट्यांचे. एक थर काळा, एक पांढरा, बुडापासून शेंड्यापर्यंत. दोन जातींचे दगड एकावर एक चढवले आणि सातशे वर्षं सांधा सुटला नाही. हा खांब सगळा भरीव, की आत भराव घालून बाहेरून दगड चढवलाय, एवढं मला मरायच्या आत कळून घ्यायचं होतं. दुसरं काही नको होतं. पिझ्झा तर नकोच होता.

तर मॉलमध्ये कर्णिक आम्हाला आधी ते सगळं गाव दाखवायचा. कारंजं म्हणजे चौक. बुटांचं दुकान म्हणजे चर्च. त्या दुकानासमोर आम्हाला अर्धगोलात उभं करून म्हणायचा, "मंडळी, पाय खाली, डोळे वर." वर सेलची पाटी असायची. नागपूरच्या कुलकर्णीबाई एकदा म्हणाल्या, "काहो कर्णिक, हे चर्च आहे तर पन्नास टक्के सूट कशावर देऊन राहिले हे लोक?" त्यावरही तो हसला नाही. मी विचारलं, "आतले खांब भरीव आहेत का?"

"शिंदे, प्रश्न शेवटी."

हे त्याचं ठरलेलं. कुणी काही विचारलं की प्रश्न शेवटी. आणि शेवट आला की हा कॉफीच्या रांगेत. तीन महिन्यांत त्या खांबाचं मी बारा-पंधरा वेळा विचारलं असेल. शेवट काही आला नाही.

एप्रिलमध्ये गेलो. त्या गावातला मोठा चौक विटांचा आहे, विटा तिरक्या बसवलेल्या, आणि सगळा चौक सुपासारखा एका बाजूला उतरता. मधून पांढऱ्या दगडाच्या रेघा. कर्णिक छत्री उंच करून सांगत होता, या गावावर नऊ जणांचं राज्य होतं म्हणून चौकाचे भाग नऊ. मी उतार बघत होतो. म्हटलं, "नऊ असोत की दहा, हा उतार पाण्यासाठी आहे. ते बघा खाली पाणी जायचं तोंड."

"शिंदे, प्रश्न शेवटी."

"हा प्रश्न नाही. उत्तर आहे."

कुलकर्णीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. कर्णिकनं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

मग चर्च. आत गेलो आणि तो खांब समोर. खोटं का बोला, माझे डोळे भरले. सांध्यात नख जाणार नाही असं काम. जवळ गेलो, खिशातून ट्रॉयच्या घराची किल्ली काढली आणि खांबावर दोन टोले दिले. आमच्या धंद्यात दगड बघायचा म्हणजे वाजवायचा. खाणीवर हातोडीनं वाजवतात. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत भेग आहे, सोडून द्यायचा. बायका नारळ वाजवून घेतात, त्यात काही गुन्हा नाही. पण तिसरा टोला पडायच्या आत तिथला रखवालदार ओरडत धावत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

कर्णिक मध्ये आला. त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी बोलला, आणि बोलता बोलता स्वतःच्या कपाळावर बोटानं दोनदा ठोकलं. ती खूण समजायला भाषा यावी लागत नाही. रखवालदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं माझं मनगट सोडलं, पाठीवर हात ठेवला आणि लहान पोराला नेतात तसं मला दारापर्यंत नेलं. आमची अठरा माणसं बघत होती. ती आत राहिली. मी बाहेर पायऱ्यांवर चाळीस मिनिटं बसलो. एवढ्या लांब ज्याच्यासाठी आलो, ते माझ्या पाठीमागं भिंतीपलीकडे होतं.

कर्णिक बाहेर आला तेव्हा मी उभा राहिलो. "मला वेडा ठरवलंत."

"नाहीतर पोलीस आले असते."

"आले असते तर त्यांना खांब समजावून सांगितला असता."

"कुठल्या भाषेत?"

"जे केलंत ते चारचौघांत केलंत. आता चारचौघांत माफी मागा."

त्यानं घड्याळ बघितलं. "मंडळी, पुढचा कार्यक्रम आइस्क्रीमचा," असं म्हणाला आणि छत्री वर केली. मी आइस्क्रीम खाल्लं नाही.

ट्रॉयला परतल्यावर गोष्ट माझ्या आधी सगळीकडे पोहोचली होती. ज्यांना मी ओळखतही नव्हतो अशी पोरं मंडळात विचारू लागली, "काका, किल्ली आणली का?" महेश म्हणाला, "बाबा, लेट इट गो ना. कर्णिककाकांनी तुम्हाला हेल्पच केली."

म्हटलं, "तुझ्या ऑफिसात तुझा साहेब पाहुण्यासमोर तुझ्याकडे बघून असं बोट लावील, तेव्हा तू सोडून दे. मग मी सोडीन."

जूनमधल्या एका रविवारी संध्याकाळी लायब्ररीच्या हॉलमध्ये कर्णिकनं सहलीचे फोटो पडद्यावर दाखवले. हॉल भरलेला. जाऊ नका म्हणून वैशालीनं सांगून बघितलं. मी पहिल्या रांगेत बसलो. चौक झाला, गल्ल्या झाल्या, मग पडद्यावर तो खांब आला. कर्णिक माइकवर म्हणाला, "इथं आपल्या शिंद्यांनी," आणि मागून हसायला सुरुवात झाली.

मी उठलो. "खांब भरीव आहे की पोकळ?"

"शिंदे, प्रश्न—"

"शेवटी. माहीत आहे. तुम्ही या चर्चमध्ये किती वेळा गेलात?"

"अकरा."

"अकरा वेळा गेलात, तर सांगा लोकांना."

हसणं थांबलं. कर्णिक पडद्यावरच्या खांबाकडे वळला. मग माइकवर म्हणाला, "माहीत नाही." आणि खाली उतरून माइक माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा."

एवढे डॉक्टर, एवढे इंजिनियर समोर. मी आयुष्यात माइक धरला नव्हता. म्हटलं, "मलाही माहीत नाही. दोन टोले पडले. दोन टोल्यांत दगड कळला. दगड अस्सल आहे, खणखणीत आहे. पण दगड कळला म्हणजे खांब कळला असं नाही. खांब चारी बाजूंनी वाजवावा लागतो. चारी बाजूंना एकच आवाज आला तर आतून एकजीव. मला एकाच बाजूनं वाजवू दिला." एवढं बोलून मी माइक परत दिला. कुणी हसलं नाही.

कर्णिक म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा जातोय. चर्चला पत्र लिहितो. हा माणूस गवंडी आहे, याला खांब वाजवायची परवानगी द्या म्हणून. याल?"

"आधी माफी."

"माफी नाही. तो माणूस तुमच्या अंगावर येत होता. सत्तरीचा माणूस परक्या देशात पोलिसांच्या हाती देऊ? पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोट लावीन. तुम्ही दगडाबद्दल बरोबर आहात म्हणून मी चूक ठरत नाही."

लोक आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते. मी खुर्चीवरचा कोट घेतला आणि घरी आलो.

ऑक्टोबरची सहल झाली नाही. सप्टेंबरमध्ये कर्णिक झोपेत गेला. चर्चकडून काही उत्तर आलं होतं का, हे विचारायला मी कुणाकडे गेलो नाही. अंत्यदर्शनाला गेलो, मागं उभा राहिलो. तिथं लोक म्हणत होते, फार मोठा माणूस. असेल. माझ्याशी तो शेवटपर्यंत वाकडाच वागला, आणि मरण आलं म्हणून मी त्याला सरळ करून लिहिणार नाही. एवढं मात्र खरं, की माझा धंदा काय हे या देशात त्यानंच एकट्यानं माइकवरून सांगितलं. ते सांगतानाही त्यानं माफी मागितली नाही.

एक सांगायचं राहिलं. हॉलमधल्या त्या संध्याकाळी घरी येऊन मी जेवलो नाही. ऑक्टोबरच्या यादीत माझं नाव घालू नका, असं त्याला तोंडावर सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी महेश आणि वैशाली कामावर गेल्यावर निघालो. ट्रॉयमध्ये चालत कुणी कुणाकडे जात नाही, फुटपाथ मध्येच संपतो. पाऊण तास लागला. दोन गाड्या थांबल्या, म्हातारा वाट चुकलाय असं वाटून. कर्णिकनं दार उघडलं. दाढी केलेली, चष्मा कपाळावर, हातात कागद.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "पत्र लिहितोय. टोले किती लागतील? थोडेसे असं लिहिलं तर ते नाहीच म्हणतील. आकडा द्यावा लागेल."

"माफीचं काय?"

"ती या पत्रात बसत नाही. किती?"

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आत या म्हणाला, मी गेलो नाही.

"आठ," मी म्हटलं. "एकेका बाजूला दोन."

त्यानं दाराच्या चौकटीवर कागद टेकवून आकडा लिहिला. चहा घेणार का, विचारलं. मी नको म्हटलं आणि चालत घरी आलो.