धर्मा सुताराचा चेलो

चौलचा धर्मा सुतार होड्या बांधायचा. १९५३ साली आग्नेल मास्तर रेवदंड्याला बहिणीकडे आले. मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात ते चेलो वाजवत. रेवसच्या लाँचच्या गर्दीत त्यांच्या चेलोचा सांधा उखडला होता. धर्मानं तो एकही खिळा न ठोकता असा बसवला, की मास्तरांना जोड कुठं आहे तेच सापडेना.

"मला नवा करून देशील?" त्यांनी विचारलं. "आत बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावू. धर्मा सुतार, चौल."

दीड वर्ष धर्मा त्यामागे लागला होता. पाठ फणसाची, पोट देवदाराचं. मास्तर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, घरात बसून भाकरी खायचे. एकदा धर्माच्या बायकोनं, कोकिळानं, विचारलं, "चेलो म्हंजे काय वो?"

"पुरं नाव व्हायोलोनचेलो," मास्तर म्हणाले. "इटलीत मोठ्या वाद्याला व्हायोलोने म्हणायचे. त्याचं धाकटं रूप म्हणून मागं चेलो जोडलं. म्हणजे धाकटं मोठं वाद्य. लोकांनी मुख्य नाव टाकलं, शेपूट ठेवलं."

"म्हंजे आमचे भावजी!" कोकिळा हसली. "धाकटे, पन घरात सगल्यांत उंच."

चेलो तयार झाला. पहिला सूर ऐकून मास्तरांचे डोळे भरले. चिठ्ठी धर्मानं स्वतःच्या हातानं लिहून आत चिकटवली.

पुढच्या वर्षी मुंबईत मास्तरांचा कार्यक्रम होता. बोलावणं नव्हतं, तरी धर्मा ऐकायला गेला. कार्यक्रम संपल्यावर एका गृहस्थानं विचारलं, "वाद्य कुठलं हो?"

"इटलीचं," मास्तर म्हणाले. मग त्यांना धर्मा दिसला. "हा आमच्या बहिणीच्या गावाकडचा. नारळ आणून देतो."

धर्मानं वाकून चेलोच्या फटीतून आत पाहिलं. चिठ्ठी दुसरीच होती.

दाराशी मास्तरांनी त्याचा हात धरला. "परदेशी वाद्य असलं की पुढं बसवतात रे. तुझं नाव इथं कोण ओळखतं?"

"तुमी वलखत व्हतात," धर्मा म्हणाला आणि हात सोडवून निघाला.

तीन वर्षांनी चेलोची मान सुटली. मास्तर तो घेऊन चौलला आले. धर्मा वल्हं तासत होता.

"इटलीच्या वाद्याला मी काय हात लावनार, मास्तर? मी होडीवाला."

मास्तर चेलो उचलून गेले.

"बरं केलंत," कोकिळा म्हणाली. "आता तरी जीव निवला?"

"न्हाय गं," धर्मा म्हणाला. "आता कुनीतरी खिळे ठोकील त्याला."