कंट्रोलवाली कौसाबाई

लढाईच्या दिवसांत रनाळ्यात कंट्रोल हा शब्द आला आणि आल्या आल्या त्याने गावात घर केलं. सुरुवातीला ते फक्त अमृतलाल शेठच्या दुकानाचं नाव होतं. सरकारी भावाचं धान्य तिथे कार्डावर मिळायचं, म्हणून बायका एकमेकींना विचारायच्या, "कंट्रोल उघडी गयं का वं?" मग त्या दुकानातलं धान्यच कंट्रोल झालं. पुढे जे जे किडकं, विटकं, जाडंभरडं, ते सगळं कंट्रोल. एका लग्नात नवरदेव अगदीच हडकुळा निघाला, तेव्हा नवरीच्या मैत्रिणी म्हणाल्या, "नवरदेव बी कंट्रोलना दिसस." शेवटी कुणाला काही द्यायचं नसलं की हाच शब्द पुढे करून मोकळं होता येऊ लागलं. विहिरीवर कुणी दोर मागितला तरी उत्तर यायचं, कंट्रोल शे.

हा शब्द मुळात कुठला, यावरही मगन पाटलांच्या ओट्यावर बोलणं व्हायचं. त्यांचा थोरला मुलगा सुकलाल म्हणायचा, तो रेल्वेचा. नंदुरबारच्या टेशनात मास्तर फोनवर कंट्रोलशी बोलतो, ते त्याने कानांनी ऐकलं होतं. मगन पाटलांना तो कंत्राटाचा भाऊबंद वाटायचा, कारण दोन्हींत आपलं जातं आणि दुसऱ्याचं भरतं. शाळामास्तरांनी एकदा वेगळंच सांगितलं. फार पूर्वी परमुलखात हिशेबाचा कागद गुंडाळून ठेवत आणि तो खरा की खोटा हे पाहायला दुसरी गुंडाळी समोर धरत. त्या समोरच्या गुंडाळीचं हे नाव. पुढे लोक पडताळा विसरले आणि शब्दात नुसता दाब उरला.

आतून धान्य पाखडता पाखडता सुकलालची आई म्हणाली, "म्हनजे कोनी तरी खोटं बोलस, हाई आधीच ठरेल व्हतं."

ही कौसाबाई. गावाने त्या शब्दाचा शेवटचा अर्थ तिच्यावर बेतला होता. तिच्या पाठीमागे तिला सगळे कंट्रोलवाली म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं.

संवत छप्पन्नच्या काळात, म्हणजे लढाईच्या चाळीसेक वर्षं आधी, ती पोर होती. त्या दुष्काळाबद्दल ती कधी बोलली नाही, पण धान्याला हात लावताना तिची बोटं मिटलेलीच असायची. सासरी आली, कोठी तिच्या ताब्यात आली, आणि तेव्हापासून त्या घरात कुणाचं पोट उपाशी राहिलं नाही आणि कुणाचं तुडुंब भरलंही नाही. तेलाच्या भांड्यात बोट बुडवून ती सांगायची, काल कोणत्या सुनेने भाजीला फोडणी दिली. भिकारी आला तर त्याला द्यायची, पण त्याच्या झोळीत आधी काय आहे ते पाहून.

तिचा धाकटा मुलगा दोधू फौजेत गेला होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तोच भरती होऊन बंगालकडे गेला, तिथून ब्रह्मदेशाच्या बाजूला. होळीपर्यंत त्याचं पोस्टकार्ड येत होतं. नंतर काहीच नाही. कौसाबाईने त्याचं नाव घेणंही सोडलं. त्याची बायको धनुबाई सासूच्या तोंडाकडे पाहायची आणि तिला तिथे काहीच वाचता यायचं नाही. जेवताना अर्धी भाकरी खाऊन ती उठायची, आणि जी कौसाबाई एरवी उष्टं टाकू द्यायची नाही, ती उरलेली अर्धी गुपचूप टोपलीत ठेवायची.

श्रावण लागला. कानबाईचे दिवस आले. खानदेशातल्या घरांत कानबाईदेवीच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू पुरुषांच्या नावाने मोजतात. प्रत्येकाच्या नावाचं सव्वा शेराचं माप वेगळं पडतं, मग तो घरी असो की मुंबईला. ज्याच्या नावाचं माप पडत नाही, तो घरात उरलेला नाही.

त्या वर्षी घरचा गहू तांबेऱ्याने गेला होता. दुकानातून थोडा थोडा मिळायचा, त्यातलाच कौसाबाईने आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, एका मडक्यात मागे टाकला होता. कोनाडा सारवायच्या निमित्ताने धनुबाईने मडकं उचलून पाहिलं. ते सगळ्यांना पुरेल असं नव्हतं. एकजण त्यात बसणार नव्हता, आणि तो कोण हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी देवळाचं नाव सांगून, पदर कपाळाखाली ओढून ती अमृतलाल शेठच्या दुकानाची पायरी चढली. ही पायरी ती पहिल्यांदाच चढत होती.

"शेठजी, सव्वा शेर गहू पाहिजेत. रोटले."

"कार्डवरना घी गयात ना तुम्हना जेठ."

"त्यामा यास्ना नव्हता."

शेठने हातातला तराजू खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. "वहिनी, दोधूभाऊ घरमा नही म्हनीसन त्यास्नं नाव कार्डवरथून कमी व्हयनं. नाव नही तर गहू नही. मी काय करू? कंट्रोल शे."

ती परत आली. नाव कमी झालं, एवढंच तिच्या कानात राहिलं. मडक्याबद्दल सासूला विचारावं असं दिवसभर तिच्या मनात येत होतं. पण विचारलं आणि सासूने खरं ते सांगितलं, तर?

शनिवारी सकाळी अंगणात गोधडी अंथरून कौसाबाई मडकं घेऊन बसली. भाऊबंदांच्या बायका जमल्या. धनुबाई सुपाशी होती. मापाचा शेर हातात घेण्याआधीच सुकलाल म्हणाला, "माय, मडकं हलकं शे. घरमा जितला शेतस तितलासनं मोज. कार्डवर बी तितलाच शेतस."

"कार्ड कोनं?"

"सरकारनं."

"आन रोट कोना?"

"कानबाईना."

"मंग मधमा बोलू नको."

तिने शेर भरला, वरून हात न फिरवता, चांगला शीग लावून. सव्वाचा पाव त्यावर टाकला. "दोधूना," ती म्हणाली आणि धनुबाईच्या सुपात ओतला.

धनुबाईने सूप जवळ ओढलं. त्यानंतरचं माप मगन पाटलांचं पडलं, मग सुकलालच्या दोन पोरांचं. सुकलालच्या नावाचा शेर अर्ध्यावर राहिला आणि मडकं पालथं झालं.

"माले इतलाच?" सुकलाल म्हणाला.

"तू मन्हा मोरे उभा शे. तुले कानबाई रोज देखस. जो दखात नही त्यानं पहिले मोजनं पडस."

"म्हनजे लढाईवर जावाले पाहिजे व्हतं मी."

"जाय ना. पुढला साल तुन्हं पहिले मोजसू."

बायका हसल्या. सुकलालही हसला. धनुबाईला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच डोळ्यांतून पाणी सुपात पडलं. कित्येक महिन्यांनी तिला छातीभर श्वास घेता आला. आपल्याबरोबर आणखी एक माणूस वाट पाहत होतं, आणि ते तिच्याच चुलीपाशी बसत होतं.

"गहू वला करू नको," कौसाबाई म्हणाली. "दयता येत नही."

भादव्यात दोधूच्या पलटणीतला, सारंगखेड्याकडचा वीरसिंग रजेवर आला. गावी जाण्याआधी तो रनाळ्यात उतरला, कारण दोधूने त्याला तसं बजावून सांगितलं होतं. दोधू आसामातल्या इस्पितळात होता. हिवतापाने हात इतका थरथरायचा की लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर घरचे भलतंच समजतील म्हणून त्याने लिहून घेतलंही नव्हतं. आता ताप उतरला होता. थंडीत सुटी मिळणार होती.

मगन पाटलांनी वीरसिंगला ओट्यावर बसवून घेतलं. कौसाबाईने आत जाऊन चहा केला आणि त्यात साखर हाताला येईल तेवढी टाकली. कप पुढे ठेवून तिने विचारलं, "खास काय तो?"

"भात, माय."

"सकाय-संध्याकाय?"

"सकाय-संध्याकाय."

"भाकर नही?"

"तठे कसानी भाकर, माय."

मग कौसाबाई जे बोलू लागली ते थांबेना. भातावर कुठे पोट भरतं, सरकारला ज्वारी दळायला काय झालं, एवढ्या पलटणीत एक बाई भाकरी थापणारी नाही का, पोर हिवतापाने नाही तर उपासाने आडवं झालं असेल. वीरसिंग गेला तरी ती बोलतच होती. शेजारणींना बोलावून तिने सगळं पुन्हा सांगितलं, आणि दोधूचं नाव दर वाक्यात येत होतं.

आत चुलीपाशी धनुबाई जेवायला बसली होती. दोन भाकरी झाल्यावर तिने स्वतःच तिसरी मागितली. बाहेर भाताला नावं ठेवत ठेवतच कौसाबाई आत आली, परातीपाशी बसली आणि चौथीचं पीठ मळायला घेतलं.