पांढऱ्या मिशांचा पायलट

होटगी रोडला आमच्या समोर एक बाई राहतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचे यजमान हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर जुन्या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल जोडत असतानाच ते वारले. रंगवायचं काम मग बाईंनी घेतलं. रोज दुपारी व्हरांड्यात बसून, ब्रश जुन्या फडक्याला पुसत त्या रंगवत असायच्या.

एकदा वाऱ्यानं उडालेली त्यांची चादर द्यायला गेलो, तर बाई त्या मॉडेलमधल्या नखाएवढ्या पायलटला पांढऱ्या मिशा काढत होत्या.

"लढाईतला पायलट इतका म्हातारा?"

"हे आमचं मालक हायत की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जलमभर इमानं नीट केली, पण उडवायला कुणी दिलं न्हाय."

मिशांवर हलकेच फुंकर घालून त्यांनी पायलटला आत बसवलं आणि वरची काच चिकटवून टाकली.