परत गेलेला डबा

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. त्यातलं एक वर्ष तर, कोरोनात कॉलेज बंद असताना, मी मोबाईलवरच शिकले. चंदगडकडच्या आमच्या गावात रेंज नव्हती, म्हणून काजूच्या टेकावर छत्री धरून बसायचे आणि सरांचा तास ऐकायचे. त्या मोबाईलचे माझ्यावर उपकार आहेत, असंच मी मानत होते. पुढं त्याचंच व्यसन लागलं, हे कबूल करायला म्हणूनच फार वेळ लागला.

नोकरी लागली आणि मी कोल्हापुरात आले. शाहूपुरीतल्या कचेरीत दिवसभर पत्रं टाईप करायची आणि संध्याकाळी खोलीवर यायचं. खोलीत मी एकटीच. कुलूप काढलं की चपला पायात असतानाच मोबाईल हातात यायचा. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, कुणाच्या घरातला स्वयंपाक, एकामागून एक छोटे व्हिडिओ. त्यातल्या बायका रोज बघून मला ओळखीच्या वाटायला लागल्या होत्या. मी मात्र त्यांच्या गावीही नव्हते.

रविवारी आई एसटीतून डबा पाठवायची. आमच्याकडची ही जुनी पद्धत. पहाटेच्या गाडीच्या कंडक्टरकडं फडक्यात बांधलेला डबा द्यायचा. इकडं स्टँडवर आपण थांबायचं. घ्यायला कुणी आलं नाही, तर डबा त्याच गाडीनं परत.

त्या रविवारी मी वेळेआधी पोचले होते. बाकावर बसले, कानात इअरफोन घातले. मान वर केली तेव्हा चंदगडची गाडी माझ्यासमोर लागून, रिकामी होऊन, पुन्हा भरून निघूनही गेली होती. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "कंडक्टर गावाचं नाव घेऊन बोंबलत हुता की! कान घरात ठिवून आलायसा काय?"

तेवढ्यात आईचा फोन. "मिळाला काय गं?"

"मिळाला. उसळ झकास झालीया." हंगाम ओल्या काजूचा होता, उसळ असणार, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. "डबा आलाय घरला," आई म्हणाली. "उसळ आंबली."

मग तिनं आवाज खाली आणला.

"कोण पोरगा हाय काय? खरं सांग. मी तुझ्या बाला सांगत न्हाई."

"न्हाई गं. स्टँडवरच हुते. मोबाईल बघत बसलेली."

"मोबाईलवर कोण हुतं?"

"कुणी न्हाई."

"कुणीच न्हाई, तर मग एवढा येळ बघत काय हुतीस?"

पुढच्या रविवारी डबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईनं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मेसमध्ये जेवण मिळतच होतं. पण रविवारी जाग आली की वाटायचं, आज तिकडं माझ्यासाठी चूल पेटलेली नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडं गेले. मोबाईल बंद करा म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी वही करायला सांगितली. मोबाईल हातात घेण्याआधी काय घडलं, ते एका ओळीत लिहायचं. आठवड्यानं त्यांनी वही बघितली: 'कुलूप काढलं.' 'मेसमधून जेवून आले.' 'शेजारच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला.' बाईंनी विचारलं, "कामाशिवाय समोरासमोर कुणाशी शेवटचं कधी बोललात?" मला आठवेना.

व्हिडिओचं अॅप काढून टाकलं. जेवण होईपर्यंत मोबाईल फळीवर ठेवायचा आणि त्या वेळात माणसांत बसायचं, असं ठरलं. पहिले काही दिवस वाईट गेले. हात शिवशिवायचे, उगाच चिडचिड व्हायची, वाजला नसतानाही मोबाईल वाजल्यासारखा वाटायचा. खाली घरमालकीण साड्यांना फॉल लावत बसायच्या. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. एकदा धीर करून खाली गेले.

"काय पावणं, वाट चुकलासा काय?" त्या म्हणाल्या. "वर्ष झालं ऱ्हातीस, मला वाटलं मुकीच हाईस. बस. सुईत दोरा ओव."

मी ओवला. फारसं बोलणं झालं नाही. वर आले तर खोली तशीच होती.

तीन आठवडे नीट गेले. मग एका शनिवारी ताप आला म्हणून सुट्टी घेतली, अॅप पुन्हा घातलं आणि दुपारभर बघत राहिले. भान आलं तेव्हा आधी रडू आलं. आईला कळायचं काही कारण नव्हतं. तरी मीच फोन लावला.

"आई, आज परत चार तास बघितलं."

तिकडं मागं गोठ्यात बादली वाजली.

"जेवलीस काय?"

"न्हाई."

"उद्याच्या गाडीला डबा घालू?"

"घाल."

मग तिनं गाडीची वेळ सांगितली आणि लहान पोरीकडून म्हणून घ्यावी तशी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली.